हिरवे सॅलड, फळांचा आंबट रस आणि जॉन ईव्हलिन यांचा 'असिटेरिया' (इ.स. १६९९) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

अन्नेतिहासाच्या अभ्यासात धान्य, मसाले, साखर आणि चहा यांना जेवढे स्थान मिळाले आहे, तेवढे कच्च्या पाल्याला मिळालेले नाही. त्याचे कारण साधनांच्या स्वरूपात आहे. धान्याची कोठारे असतात, मसाल्याच्या जहाजांच्या नोंदी असतात, साखरेवर कर बसतो. सकाळी खुडलेला पाला मात्र संध्याकाळी मरगळतो. तो परसातून थेट ताटात जातो आणि हिशेबाच्या वहीत त्याचा मागमूस राहत नाही. त्यामुळे हिरव्या पाल्याचे सॅलड आणि त्यावर घातले जाणारे तेल, आंबट रस व मीठ यांचे मिश्रण, म्हणजे आज ज्यास व्हिनेग्रेट म्हणतात ते, हा विषय बहुधा पाकपुस्तकांच्या कडेलाच राहिला.

इंग्लंडच्या बाबतीत या अभावाला एक ठळक अपवाद आहे. इ.स. १६९९ मध्ये लंडन येथे 'असिटेरिया : अ डिस्कोर्स ऑफ सॅलेट्स' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे कर्ते जॉन ईव्हलिन (१६२०-१७०६) हे रॉयल सोसायटीच्या संस्थापक सदस्यांपैकी एक, 'सिल्वा' (१६६४) या वृक्षविषयक ग्रंथाचे लेखक आणि प्रसिद्ध दैनंदिनीकार होते. सॅलडवरील हा ग्रंथ त्यांनी वयाची ७८ वर्षे पूर्ण झाल्यावर प्रसिद्ध केला आणि तो इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर व रॉयल सोसायटीचे तत्कालीन अध्यक्ष लॉर्ड सॉमर्स यांना अर्पण केला. पाल्याच्या थाळीवरील पुस्तक देशाच्या सर्वोच्च न्यायाधिकाऱ्यास अर्पण करावे, याचे काहींना नवल वाटेल हे ईव्हलिन जाणून होते. विषय क्षुद्र नाही, हे पटवून देण्यासाठी त्यांनी अर्पणपत्रिकेत बरीच शाई खर्च केली आहे.

प्रस्तुत लेखात या ग्रंथाच्या आधारे असे मांडले आहे की, तेल व आंबट रस यांचे मिश्रण हे मुळात कच्च्या अन्नाविषयीच्या भीतीला दिलेले उत्तर होते. ते उत्तर योग्य का, याची शास्त्रीय कारणे काळानुसार बदलत गेली. कृती मात्र जवळपास तशीच राहिली. ही टिकून राहिलेली कृती ग्रंथकर्त्यांच्या लेखणीत येण्यापूर्वी माळी, पाला खुडणारे आणि गृहिणी यांच्या हातांत होती.

पूर्वपीठिका : कच्च्या पाल्याचे भय

'सॅलड' हा शब्द मिठाच्या लॅटिन नावावरून आला आणि 'असिटेरिया' हा शिरक्याच्या नावावरून. या दोन्ही शब्दांत पाल्याचा उल्लेखच नाही, ही बाब लक्षणीय आहे. पदार्थाला नाव मिळाले ते त्यावर केलेल्या संस्कारावरून. चरकसंहितेच्या विमानस्थानात द्रव्याच्या ठायी निराळे गुण उत्पन्न करणारी क्रिया, अशा अर्थाने 'संस्कार' ही संज्ञा येते. युरोपीय सॅलडाचा इतिहास समजून घेण्यास तीच संज्ञा अधिक उपयोगी पडते, कारण तेथेही प्रश्न पाल्याचा मूळ गुण पालटण्याचा होता.

प्लिनी या रोमन लेखकाने इ.स. पहिल्या शतकात कच्च्या भाज्यांची स्तुती केली ती व्यवहारी अंगाने. त्यांना विस्तव लागत नाही, सरपण वाचते, त्या नेहमी हाताशी तयार असतात, असे त्याचे म्हणणे होते. त्याच शतकातील कोलुमेला या कृषिलेखकाने पुदिना, कोथिंबीर आणि इतर पाला ताज्या चीजसह खलात वाटून त्यावर मिरी घातलेला शिरका व तेल घालण्याच्या कृती नोंदवल्या आहेत. गालेन या वैद्याने उतारवयात झोप यावी म्हणून रात्री लेट्यूस खाल्ल्याचे सांगितले आहे; अर्थात त्याच्या दृष्टीने ती भाजी कमी आणि औषध अधिक.

गालेनच्या परंपरेने पुढील सुमारे पंधराशे वर्षे युरोपच्या आहारविचारावर राज्य केले. या परंपरेनुसार पाला शीत व आर्द्र. जठराचा अग्नी त्याने मंदावतो आणि अपचित अन्न कुजून रोग होतात. आयुर्वेदातील उष्ण-शीत विचाराशी परिचित असलेल्या वाचकास ही मांडणी अनोळखी वाटणार नाही. तेल आणि मीठ हे उष्ण मानले गेले आणि शिरका अन्न भेदून पचनास वाट करून देणारा मानला गेला. त्यामुळे पाल्यावर तेल, मीठ व शिरका घालणे ही वैद्यकीय सावधगिरी ठरली. इ.स. १३९० च्या सुमारास दुसऱ्या रिचर्ड राजाच्या मुदपाकखान्यातील कृतींचे जे संकलन झाले, त्यात सॅलडाची एक कृती आढळते : पार्सली, लसूण, कांद्याची पात, पुदिना, बडीशेपेचा पाला, घोळ इत्यादी धुऊन, हातांनी बारीक तोडून, कच्च्या तेलात घोळवावे आणि वर शिरका व मीठ घालून वाढावे. कृती केवळ चार ओळींची आहे; पण त्यात पाला सुरीने न चिरता हाताने तोडावा आणि तेल आधी, शिरका नंतर, या दोन्ही गोष्टी आलेल्या आहेत.

इंग्लंडमध्ये तरीही सॅलड हा परकीय शोक मानला जाई. त्याविषयीची मार्मिक साक्ष जाकोमो कास्तेल्वेत्रो या इटालियन निर्वासिताची आहे. व्हेनिस येथे १६११ मध्ये तो धर्मन्यायालयाच्या ताब्यात सापडला आणि इंग्रज राजदूताच्या मध्यस्थीने सुटला. इंग्लंडमध्ये आल्यावर १६१४ मध्ये त्याने इटलीतील फळे, कंद व पालेभाज्या यांवर एक पुस्तिका लिहिली. इंग्रज लोक मांस फार खातात आणि पाला अगदी कमी, याचे त्याला वाईट वाटे. पाला अनेकदा पाणी बदलून धुवावा, हाताने वर उचलून घ्यावा म्हणजे माती तळाशी राहते, नंतर कापडावर कोरडा करावा. मीठ भरपूर, तेल सढळ आणि शिरका थोडाच, असा त्याचा दंडक होता. जर्मन व इतर उत्तरेकडील लोक पाला नीट न धुता ढीग रचतात, त्यावर शिरक्याचा मारा करतात आणि ढवळतही नाहीत, अशी त्याची तक्रार आहे. परदेशात राहणाऱ्या माणसाला घरच्या जेवणाची आठवण येते तेव्हा तो असाच काटेकोर होतो. त्याची पुस्तिका त्याच्या हयातीत छापली गेली नाही.

'असिटेरिया'तील कृती

ईव्हलिन यांनी तरुणपणी, १६४० च्या दशकात, इटली व फ्रान्समध्ये प्रवास केला होता आणि पादुआ येथे काही काळ अध्ययनही केले होते. डेप्टफर्ड येथील सेयस कोर्ट या निवासस्थानी त्यांनी उभारलेली बाग विख्यात होती. उद्यानविद्येवरील एका प्रचंड ग्रंथाची सामग्री ते अनेक वर्षे जमवत होते. तो ग्रंथ त्यांच्या हातून पुरा झाला नाही. त्याचा एक भाग म्हणजे 'असिटेरिया'.

ग्रंथात सत्तरहून अधिक वनस्पतींची वर्णानुक्रमे माहिती दिली आहे. मराठी वाचकाला यांतील काही नावे घरची वाटावीत. 'पर्स्लेन' म्हणजे आपल्याकडील घोळ, 'गार्डन क्रेस' म्हणजे हळीव आणि 'सॉरल' ही आपल्या चुक्याच्या कुळातील भाजी. आपल्याकडे हळिवाचे बी बाळंतिणीच्या लाडवांत जाते; ईव्हलिन मात्र हळिवाचा कोवळा पाला तिखटपणासाठी सॅलडात घालतात. प्रत्येक वनस्पतीपुढे ती शीत की उष्ण, आर्द्र की कोरडी, याची नोंद येते. त्यानंतर राजाचे प्रमुख उद्यानपाल जॉर्ज लंडन यांच्या साहाय्याने तयार केलेले ३५ वनस्पतींचे कोष्टक आहे. कोणत्या महिन्यात काय पेरावे, काय झाकून पांढरे करावे, कोणता पाला किती घ्यावा हे त्यात दाखवले आहे. मापे चिमटीची आणि मुठीची आहेत. स्वयंपाकघरातील हाताची मापे रॉयल सोसायटीच्या सदस्याने कोष्टकात बसवली, हा या ग्रंथाचा खरा नवेपणा होय.

कृतीकडे वळल्यास तिचे तपशील आजही आचरणीय वाटतात. पाला निवडताना किडका, वाळलेला, डागाळलेला वगळावा. तो पाण्यात बुडवून ठेवण्यापेक्षा झऱ्याच्या पाण्याचे शिंतोडे देऊन स्वच्छ करावा, रोळीसारख्या भांड्यात निथळू द्यावा आणि शेवटी जाड्याभरड्या स्वच्छ फडक्यात घेऊन हलकेच झुलवावा. या झुलवण्यामागील कारण साधे आहे : पानावर पाणी राहिले तर तेल त्याला धरत नाही. तेल फिकट हिरवे, गुळगुळीत, लुक्का येथील ऑलिव्हचे असावे. पाला व विशेषतः संत्री-लिंबे कापण्याची सुरी चांदीची असावी. पोलादाला आम्ल खाते आणि धातूची चव उतरते. थाळी चिनी मातीची किंवा हॉलंडच्या डेल्फ्ट बनावटीची असावी.

मिश्रणाला ईव्हलिन यांनी 'ऑक्सोलिऑन' असे ग्रीक नाव दिले आहे, अर्थ आम्ल-तेल. उत्तम तेलाचे तीन भाग आणि अत्यंत तीव्र शिरका, लिंबाचा रस किंवा संत्र्याचा रस यांपैकी कशाचाही एक भाग, हे त्याचे प्रमाण. त्यात हॉर्सरॅडिश या तिखट मुळाच्या चकत्या व थोडे मीठ मुरू द्यावे. आवड असल्यास दुसऱ्या शिरक्यात मिरचीची एक शेंग हलकेच ठेचून गाळून घ्यावी. अर्ध्या क्राउनच्या नाण्यावर मावेल एवढी मोहरीची पूड घालून सर्व फेटावे. दोन ताज्या अंड्यांचे उकडलेले बलक चमच्याने कुस्करून त्यात मिसळावेत आणि खाण्याच्या अगदी आधी ते पाल्यावर ओतून प्रत्येक पान माखेपर्यंत हलवावे.

अगदी आधी, या शब्दांना महत्त्व आहे. पानावर मेणचट आवरण असते. पाण्यासारखा शिरका त्यावरून ओघळतो, परंतु तेल त्यातून आत झिरपते आणि पान काळवंडून मरगळते. मोहरीची पूड आणि बलक यांतील द्रव्ये तेल व आंबट रस यांना काही काळ एकत्र धरून ठेवतात. हे स्पष्टीकरण आधुनिक रसायनाचे आहे आणि ईव्हलिन यांच्याजवळ ते नव्हते. त्यांच्याजवळ निरीक्षण होते. नेमका क्षण सांगण्यास तेवढे पुरले.

लसणीविषयी त्यांचे मत कडक आहे. थाळीवर लसणीची पाकळी ओझरती फिरवण्यापलीकडे तिला सॅलडात स्थान नाही, असे ते बजावतात. कोणत्याही एका पाल्याने इतरांवर कुरघोडी करू नये, संगीतातील स्वरांप्रमाणे प्रत्येकाने आपल्या जागी यावे, ही त्यांची सॅलडविषयीची मूळ धारणा होती. मराठी कोशिंबिरीत एका भाजीला नायकत्व असते आणि तेल येते ते फोडणीच्या रूपाने, तापवून. ईव्हलिन यांच्या थाळीत नायक नाही आणि विस्तवही नाही.

आंबटपणाची साधने

'फळांच्या चवीचे व्हिनेग्रेट' ही आधुनिक आहारशास्त्राने किंवा उपाहारगृहांनी काढलेली नवलाई आहे, असा समज आढळतो. १९८० च्या दशकात रास्पबेरीच्या शिरक्याला जी लोकप्रियता लाभली, तिच्यामुळे हा समज बळावला असावा. वास्तविक 'असिटेरिया'त शिरका, लिंबू व संत्रे हे एकाच ओळीत, परस्परांचे पर्याय म्हणून आलेले आहेत. कच्च्या द्राक्षांचा आंबट रसही त्यांना मान्य आहे. शिरक्यात गुलाब, एल्डरची फुले, रोझमेरी वा लवंगेच्या वासाची गुलनार फुले मुरवून त्या त्या वनस्पतीचा गुण उतरवावा, असे ते सुचवतात. तेव्हा सुवासिक व फलयुक्त आंबटपणा ही सॅलडाची जुनीच प्रकृती होय. उलट केवळ द्राक्षारसाच्या शिरक्यावर भर देणारे 'व्हिनेग्रेट' हे नाव या अर्थाने नंतरचे आहे. मध्ययुगीन फ्रेंच पाकग्रंथांत ते शिरका घातलेल्या मांसाच्या एका पदार्थासाठी येते.

इंग्लंडमध्ये मात्र लिंबू व संत्रे दक्षिणेकडून जहाजाने येत. ज्यांच्या घरी काचेआड झाडे जगवण्याची सोय होती, तेच त्यांचे उत्पादन करू शकत. यावर दोन उपाय ईव्हलिन सांगतात आणि ते सामाजिक दृष्ट्या परस्परविरुद्ध आहेत. पहिला श्रीमंताचा : खताच्या उबेवर संत्र्या-लिंबाच्या बिया रुजवाव्यात आणि उगवलेली कोवळी रोपेच सॅलडात घालावीत. दुसरा कोणालाही साधेल असा : सॉरल, म्हणजे चुक्यासारखी आंबट पाने मिसळावीत. लिंबू, संत्रे आणि इतर कच्च्या फळांचा रस यांची उणीव ही पाने भरून काढतात, असे त्यांनी स्पष्ट म्हटले आहे. शेताच्या बांधावर फुकट मिळणारी भाजी आणि काचघरातील रोप एकाच ग्रंथात एकाच कामासाठी यावे, यातच सॅलड कोणाचे अन्न होते या प्रश्नाचे उत्तर आहे. ते दोन्ही टोकांचे होते. मधल्या सुखवस्तू, मांसभक्षक वर्गाला ते पटवून द्यावे लागत होते.

सिद्धान्त बदलले, कृती टिकली

अन्नेतिहासकार रेचेल लॉडन यांनी २००० साली 'बर्थ ऑफ द मॉडर्न डाएट' या लेखात असे प्रतिपादन केले की, सतराव्या शतकाच्या मध्यास गालेनचा आहारविचार मागे पडून पॅरासेल्ससच्या अनुयायी रसायनवादी वैद्यांचा विचार पुढे आला. त्यांच्या मते सर्व द्रव्यांत लवणतत्त्व, स्नेहतत्त्व आणि वायुरूप पारदतत्त्व अशी तीन तत्त्वे असतात. स्नेह हा इतर दोघांना बांधतो. मीठ, शिरका आणि त्यांना जोडणारे तेल हे मिश्रण या मताला जणू आरशासारखे होते. ज्या पाल्याला आधी दोष दिला जाई, तो आता सुपाच्य ठरला.

लॉडन यांची मांडणी आकर्षक आहे. परंतु 'असिटेरिया'ला ती पूर्णतः लागू पडत नाही. ईव्हलिन यांनी १६९९ मध्येही शीत-उष्णाची भाषा सोडलेली नाही. नव्या निसर्गविज्ञानाच्या संस्थेचा हा आधारस्तंभ लेट्यूसविषयी लिहिताना गालेनचाच हवाला देतो. कृती मात्र १३९० मधील चार ओळींशी नाते सांगते आणि आजच्या पाकपुस्तकातील तीनास एक या प्रमाणाशीही. यावरून सिद्धान्ताने कृती घडवली असे म्हणण्यापेक्षा, कृती आधीपासून चालू होती आणि प्रत्येक पिढीच्या विद्वानांनी आपल्या काळाचे कारण तिला जोडले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

ईव्हलिन यांचे स्वतःचे कारण आणखी निराळे होते. पतनापूर्वीचा आदिमानव वनस्पतींवरच जगत होता, असा बायबलाधिष्ठित युक्तिवाद ते करतात आणि आपल्या संस्थापकाचे नियम अद्याप पाळणाऱ्या भारतातील ब्राह्मणांचा दाखला देतात. प्रवासवर्णनांतून कळलेला भारत येथे पुरावा म्हणून हजर होतो. प्रत्यक्षात तेथील लोक पाला कसा शिजवतात वा कालवतात याविषयी ग्रंथकर्त्याला कुतूहल नाही. स्वतः ईव्हलिन मांस वर्ज्य मानणारे नव्हते.

ज्ञान कोणाचे?

ग्रंथात एक व्यक्ती क्षणभर दिसते आणि नाहीशी होते : पाला खुडणारी. तिच्याजवळ विलोच्या काड्यांची विणलेली, निरनिराळे कप्पे असलेली हलकी टोपली असावी, असे ईव्हलिन सांगतात. कप्पे अशासाठी की पाला खुडतानाच निवडला जावा, एकात एक मिसळू नये. कोवळे आणि निबर, रुचकर आणि विषारी यांतला भेद पहाटेच्या उजेडात हाताने ओळखणाऱ्या या व्यक्तीवर साऱ्या थाळीची भिस्त होती. तिला कोष्टक लागत नव्हते.

ग्रंथाच्या शेवटी लोणची व इतर पदार्थांच्या कृतींचे परिशिष्ट आहे. कच्च्या पाल्यावरील या लहानशा ग्रंथात अशा कृती घालण्याचा मूळ हेतू नव्हता, परंतु त्या एका अनुभवी गृहिणीकडून मिळाल्या, असे ईव्हलिन प्रांजळपणे नमूद करतात. त्या गृहिणीचे नाव मात्र ते देत नाहीत. प्लिनीपासून लॉर्ड सॉमर्सपर्यंत नावांची रेलचेल असलेल्या पुस्तकात, प्रत्यक्ष करून पाहिलेल्या कृतींच्या जागी नाव नसावे, ही त्या काळाची रीत होती, एवढे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. कारण राजाच्या माळ्याचे नाव त्याच पुस्तकात सन्मानाने आलेले आहे.

याच कौशल्याचे मोल पुरुषाने मागितले तेव्हा काय झाले, हे ब्रिया-सावारँ यांच्या १८२५ मधील पुस्तकातील एका कथेत दिसते. द'अल्बिन्याक नावाचा लिमुझँ प्रांतातील गृहस्थ राज्यक्रांतीमुळे निर्धन होऊन लंडनला आला. एका भोजनगृहात काही श्रीमंत तरुणांनी, फ्रेंच माणूस म्हणून, त्याला सॅलड कालवण्याची विनंती केली. त्यातून त्याची कीर्ती झाली. पुढे तो स्वतःच्या गाडीतून घरोघर जाऊ लागला; बरोबरचा नोकर महोगनीच्या पेटीत सुवासिक शिरके, फळांच्या चवीची आणि बिनचवीची तेले, सोया, अँचोव्ही, बलक असा सरंजाम वाही. ऐंशी हजार फ्रँकहून अधिक रक्कम साठवून तो मायदेशी परतला, असे ब्रिया-सावारँ सांगतात. कथेत रंग भरलेला असणे शक्य आहे, पण तिच्यात नाव आहे आणि रक्कमही आहे.

'असिटेरिया'च्या परिशिष्टातील त्या निनावी गृहिणीच्या कृतींपैकी एक 'काकडीचा मँगो' ही आहे. मोठ्या हिरव्या काकड्या घ्याव्यात, वरून वा बाजूने उघडून बिया काढाव्यात, त्या जागी लसणीची लहान पाकळी ठेवावी आणि मिरी, लवंग, जायपत्री घालून उकळलेल्या शिरक्यात त्या बरणीत मुरवाव्यात, अशी ती कृती. ताजा आंबा त्या काळी इंग्लंडपर्यंत टिकत नसे. पोचे ते भारतातून आलेले कैरीचे लोणचे. इंग्रज स्वयंपाकघरांनी त्याची नक्कल काकडीत केली आणि 'मँगो' हा शब्द पुढे कोणत्याही भरल्या लोणच्याला लागू झाला. भारताविषयी ईव्हलिन ब्राह्मणांच्या आहारनियमांपाशी थांबतात. त्यांच्याच ग्रंथात, दुसऱ्याच्या हातची म्हणून शेवटी जोडलेल्या पानांत, भारतातील लोणच्याची बरणी कोणीतरी उघडून, चाखून आणि आपल्या परसातल्या काकडीवर तिचा प्रयोग करून झालेला होता.